सुरेनचे बडोदेकर बिऱ्हाड

पॅरिस शहराच्या पश्चिमेला, सेन नदी ओलांडली की सुरेन नावाचे उपनगर लागते. तेथील एका घराचे नाव 'फजल मंझिल' असे आहे. १९२२ साली या घरात एक बडोदेकर कुटुंब राहावयास आले. मुले फ्रेंच आणि इंग्रजी बोलत वाढत होती; पण थोरल्या मुलीला घरात 'बाबुली' म्हणत, तिच्या पाठच्या भावाला 'भाईजान', त्याच्या पाठच्याला 'भैयाजान' आणि शेंडेफळ असलेल्या मुलीला 'मामुली'. आई अमेरिकन, ती साडी नेसत असे. काका मंडळींचा राबता होता, आणि घरात वीणा होती. या बिऱ्हाडाचे कर्ते पुरुष म्हणजे आपल्या गायनशाळेचे संस्थापक मौलाबक्ष यांचे नातू, प्रोफेसर इनायतखाँ रहमतखाँ पठाण.

जग त्यांना 'हजरत इनायतखाँ' या नावाने आणि सूफी सत्पुरुष म्हणून ओळखते. त्यांच्या शिकवणुकीवर पाश्चात्त्य भाषांत ग्रंथांची रास पडलेली आहे. त्यात शिरण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. मी गाणे शिकवून पोट भरणारा मनुष्य. मला सतावतो तो प्रश्न साधा आहे. बडोद्याच्या मातीत घडलेला एक गवई वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी परदेशी गेला, सोळा वर्षे तिकडेच राहिला, तिकडेच त्याने संसार थाटला; मग त्याच्या गाण्याचे काय झाले? ज्यांची मुलेबाळे आज न्यू जर्सीत, टोरांटोत किंवा सिडनीत स्थायिक झालेली आहेत, त्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये.

मुळात हे घराणेच फिरस्त्यांचे. मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ सालचा, उत्तरेकडचा. तरुणपणी ते दक्षिणेत उतरले, म्हैसूरच्या परिसरात कर्नाटक संगीत शिकले आणि पुढे बडोद्यास स्थिरावले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली त्यांनी गायनशाळा काढली आणि शिकविण्याच्या सोयीसाठी स्वतःची स्वरलिपी बसविली. सुरसागराच्या काठची आजची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा त्याच रोपट्याचा वृक्ष. त्यांचे जावई रहमतखाँ हे पंजाबातून आलेले धृपदिये. मौलाबक्ष यांचे चिरंजीव अल्लाउद्दीनखाँ लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले. ५ जुलै १८८२ रोजी जन्मलेल्या इनायतखाँच्या कानावर एकाच छपराखाली धृपद पडत होते, दाक्षिणात्य कृती पडत होत्या आणि विलायती स्वरमेळाची चर्चाही पडत होती. 'आपले' कोणते आणि 'परके' कोणते, याची कुंपणे या घरात फार उंच नव्हती.

आपणही त्याच जातीचे, हे विसरून चालणार नाही. गायकवाडांच्या फौजेबरोबर, कारकुनीबरोबर, पौरोहित्याबरोबर आपले पूर्वज देशावरून आणि कोकणातून या गुजराती मुलखात आले. परमुलखात आपले सण, आपली भाषा आणि आपले गाणे जपण्याची खटपट आपल्या घरांना नवी नाही. म्हणून मौलाबक्षांच्या नातवाची कहाणी आपल्या कुळाचीच एक शाखा समजून वाचावयास हरकत नाही.

इनायतखाँ लहानपणीच दरबारात गाऊन महाराजांची शाबासकी मिळवून बसले होते. पुढे त्यांनी गायनशाळेत शिकविले, संगीतावर पाठ्यपुस्तके लिहिली, देशभर दौरे केले. हैदराबादेस निजामाने त्यांचा गौरव केला आणि तेथेच त्यांना सय्यद अबू हाशिम मदनी हे गुरू भेटले. पूर्व आणि पश्चिम यांना आपल्या संगीताने जोडावे, अशी या गुरूंची आज्ञा झाली असे इनायतखाँ सांगत. १३ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. बरोबर धाकटे बंधू मेहबूबखाँ आणि नात्याने भाऊ लागणारे महंमद अलीखाँ. सर्वांत धाकटे मुशर्रफखाँ मागाहून जाऊन मिळाले.

न्यूयॉर्कला उतरल्यावर आरंभ चांगला झाला. कोलंबिया विद्यापीठात त्यांना गाण्याची आणि बोलण्याची संधी मिळाली. पण विद्यापीठातील एका कार्यक्रमाने चार माणसांचा चरितार्थ चालत नाही. १९११ साली रूथ सेंट डेनिस या त्या काळी गाजत असलेल्या अमेरिकन नर्तकीच्या दौऱ्यात ही मंडळी सामील झाली. 'रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान' असे त्यांचे नाव पडले. या बाईंना हिंदुस्थानचे आकर्षण होते हे खरे. पण त्यांचे 'राधा' नावाचे प्रसिद्ध नृत्य १९०६ साली रंगमंचावर आले तेव्हा त्याला संगीत होते ते 'लाक्मे' या फ्रेंच ऑपेरातले! अशा रंगमंचावर आमचे धृपदियांच्या घरचे गवई फेटे बांधून बसले. प्रेक्षक नृत्य पाहावयास आलेले. गाणे म्हणजे पडद्यावरच्या ताडाच्या झाडासारखी एक शोभा. दूर दूरच्या शहरांतून प्रवास झाला, पैसाही मिळाला; पण लोकांची करमणूक होते आणि आपले मन मात्र झुरते, हे दुःख इनायतखाँनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे.

येथे गवयाचा मुलगा म्हणून मला दोन शब्द बोलावेसे वाटतात. परदेशी गेलेल्या कलावंताचे सर्वांत मोठे नुकसान कोणते? लोक म्हणतात, वाद्ये खराब होतात. तेही खोटे नाही. दमट हवेत तबल्याची शाई आणि पुडी कुरकुरते, खोली तापविली की तुंबा तडकतो. पण वाद्य दुरुस्त करता येते. गवई हरवतो तो श्रोता. आमच्याकडे मैफलीत समोर बसलेला जाणकार समेला मान हलवितो, एखाद्या जागेला नकळत 'क्या बात है' म्हणतो, सूर किंचित चुकला तर भुवई उचलतो. त्या भुवईच्या धाकावर गाणे उभे असते. माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यात अगदी पोरवयात साथीला बसू लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. ते म्हणत, "खाँसाहेबांना घाबरण्यापेक्षा पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना घाबरा." ज्या देशात समेवर हलणारी एकही मान नाही, तेथे रोज रात्री गावयाचे म्हणजे विहिरीत हाक मारून आपल्याच आवाजाची वाट पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतच इनायतखाँना ओरा रे बेकर ही तरुणी भेटली. घरच्यांचा विरोध पत्करून ती आगबोटीने एकटी इंग्लंडला आली आणि १९१३ साली लंडनमध्ये दोघांचे लग्न झाले. ती अमीना बेगम झाली. पुढे पॅरिस, मग मॉस्को. रशियातल्या माणसांच्या अगत्यात त्यांना आपल्याकडची ऊब जाणवली. मॉस्कोतच १ जानेवारी १९१४ रोजी थोरली मुलगी नूर-उन-निसा जन्मली. त्याच वर्षी उन्हाळ्यात ही मंडळी फ्रान्समध्ये असता महायुद्धाचा वणवा पेटला आणि त्यांनी लंडन गाठले. तेथील सहा वर्षे ओढगस्तीची गेली. युद्धाच्या धामधुमीत हिंदी गाण्याला बोलावणार कोण? विलायत, हिदायत आणि खैर-उन-निसा ही तिन्ही मुले याच काळात लंडनमध्ये जन्मली. १९२० साली बिऱ्हाड पुन्हा फ्रान्सला हलले, आणि दोन वर्षांनी एका डच शिष्येच्या औदार्याने सुरेनचे घर मिळाले.

या काळात इनायतखाँनी एक निर्णय घेतला. त्यांनी गाणे-बजावणे बाजूस ठेवले आणि उरलेले आयुष्य प्रवचनांना वाहिले. आपल्याला जे सर्वांत प्रिय तेच अर्पण करावे लागते, असा अर्थ त्यांनी या त्यागाला दिला. व्याख्यानांसाठी युरोप-अमेरिकेत भ्रमंती, उन्हाळ्यात सुरेनच्या घरी जमणारे शिष्य, असे वर्षाचे चक्र ठरून गेले. वीणा घरात राहिली, मैफल संपली.

या त्यागाविषयी आमच्या घरात दोन मते होती. वडिलांचे मत कडक. "रियाज सोडलेला गवई आणि पाणी आटलेली विहीर, नाव तेवढे उरते," असे ते म्हणत. त्यांच्या दृष्टीने मौलाबक्षांच्या नातवाने घरची ठेव परमुलखात विसर्जित केली. ते असे बोलत ते केवळ तिखटपणाने नव्हे. इनायतखाँची ध्वनिमुद्रणे त्यांनी ऐकली होती. परदेशी जाण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ साली, कलकत्त्यास इनायतखाँनी ग्रामोफोन कंपनीसाठी एकतीस गाणी मुद्रित केली. ती पुन्हा एकत्र प्रसिद्ध झाली १९९४ साली, म्हणजे पंच्याऐंशी वर्षांनी. जेमतेम तीन तीन मिनिटांच्या त्या तबकड्या. कर्ण्यासमोर उभे राहून गाण्याचा तो जमाना. आवाजाचे बारकावे त्यात सापडावयाचे नाहीत. तरीही स्वर नेमका लागतो, शब्द स्वच्छ कळतात, आणि सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा आत्मविश्वास खरखरीतूनही पोहोचतो. हा मनुष्य आणखी तीस वर्षे गाता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. वडिलांची हळहळ मला म्हणूनच समजते.

पण मला त्यांचे मत सर्वस्वी पटत नाही. इनायतखाँच्या पुस्तकांची नावे पाहा. 'गायन', 'वादन', 'निर्तन'. गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हणावे, ही आमच्या शास्त्रातली व्याख्या. ती तीन इंग्रजी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जाऊन बसली. 'गायन' उघडून पाहिले तर आत गाण्याची एकही चीज नाही, सारी सुभाषिते आहेत; पण त्यांच्या प्रकरणांना नावे आहेत आलाप, अलंकार, बोल, गमक, राग, सूर, ताल, तान. गायनशाळेच्या पहिल्या वर्गातील मुलाच्या वहीत जे शब्द असतात, तेच शब्द हॉलंडमधील आणि फ्रान्समधील माणसे शंभर वर्षे श्रद्धेने उच्चारीत आली आहेत. गवयाला श्रोता मिळेना, तेव्हा त्याने श्रोत्याला कळेल अशा भाषेत आपले शास्त्र सांगितले. गळा थांबला, पण विचार करण्याची रीत गवयाचीच राहिली. विहीर आटली असे मी म्हणणार नाही. पाण्याने पाट बदलला.

किंमत मात्र मोजावी लागली, हेही तितकेच खरे. पाट बदलला की जुन्या मळ्याला पाणी मिळत नाही. १९२६ साली इनायतखाँ हिंदुस्थानात परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत निवर्तले. वय अवघे चव्वेचाळीस. निजामुद्दीनच्या परिसरात त्यांचा दर्गा आहे. सुरेनच्या घरात चार मुले आणि खचलेली आई राहिली. तेरा वर्षांच्या नूरने धाकट्या भावंडांना सांभाळले. पुढच्या वर्षी आई मुलांना घेऊन पतीच्या समाधीच्या दर्शनासाठी हिंदुस्थानात येऊन गेली.

तिन्ही भाऊ युरोपातच राहिले, आणि त्यांनी तीन वाटा चोखाळल्या. मेहबूबखाँनी थोरल्या भावाची काव्ये पाश्चात्त्य वळणाच्या चालींत बांधली. आपली स्वररचना आणि त्यांचा स्वरमेळ यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. महंमद अलीखाँचा गळा अखेरपर्यंत गाता राहिला. धाकट्या मुशर्रफखाँनी १९३२ साली इंग्रजीत आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात मौलाबक्षांच्या घरातले बडोद्याचे बालपण आहे. मला या तिघांत परदेशस्थ माणसाचे तीन स्वभाव दिसतात. एकजण जुने-नवे जुळवू पाहतो, एकजण जे जमते ते गात राहतो, आणि एकजण लिहून ठेवतो, कारण आपल्यानंतर हे सांगणारा कोणी उरणार नाही हे त्याला कळलेले असते. मेहबूबखाँ १९४८ साली, महंमद अलीखाँ १९५८ साली आणि मुशर्रफखाँ १९६७ साली वारले.

मुलांच्या पिढीत काय उतरले? संगीत उतरले, पण सूर बदलून. विलायत चेलो वाजवू लागले, हिदायत व्हायोलिन. नूर हार्प आणि पियानो शिकली. नादिया बूलाँजे या पॅरिसच्या नामांकित संगीतशिक्षिकेकडे ही मुले शिकली. हिदायतखाँ युरोपीय पद्धतीचे रचनाकार झाले आणि १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांची 'गांधी सिंफनी' सादर झाली. नूरला वीणाही येत होती. मांडीवर वीणा घेतलेले तिचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिने जातककथांतल्या वीस गोष्टी मुलांसाठी इंग्रजीत लिहिल्या. ते पुस्तक १९३९ साली निघाले, आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

पुढची हकीकत जगाला ठाऊक आहे. कुटुंब इंग्लंडला गेले. नूर ब्रिटिश हवाई दलाच्या महिला विभागात दाखल झाली, बिनतारी संदेशाचे काम शिकली आणि जून १९४३ मध्ये गुप्तपणे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. त्या कामावर पाठविलेली ती पहिली स्त्री. थोड्याच दिवसांत तिचे साथीदार एकामागून एक पकडले गेले. परत ये म्हणून सांगणे आले, तरी ती राहिली आणि पॅरिसमध्ये जागा बदलत संदेश पाठवीत राहिली. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. बिनतारीच्या खटक्यावरून पाठविणाऱ्याचा हात ओळखू येत असे, म्हणतात. जसा ठेक्यावरून तबलजी ओळखू येतो तसा. बडोद्याच्या गवयाच्या लेकीचा हात त्या खटक्यावर होता, एवढे आपण लक्षात ठेवावे. तिचा अर्धपुतळा २०१२ साली लंडनमध्ये गॉर्डन स्क्वेअर येथे उभारला गेला. आपल्या गावातून लंडनला जाणारे बहुतेक लोक राजवाडा पाहून येतात. हा पुतळा पाहून आलेला मला अजून फारसा कोणी भेटलेला नाही.

आता आजची गोष्ट. माझ्या वर्गातून गेलेल्या चार-पाच मुली परदेशी आहेत. त्यांच्यातल्या काही संगणकाच्या पडद्यावरून अजून शिकतात. या शिकवणीत एक मोठी अडचण आहे. आवाज पोहोचण्यास क्षणाचा उशीर होतो. त्यामुळे सूर सांगता येतो, पण एकत्र ताल धरता येत नाही. मी इकडे समेवर हात दिला की तिकडे ती अजून खालीत असते. स्वर समुद्र ओलांडतो. लय मात्र एका खोलीत बसलेल्या माणसांचीच असते. इनायतखाँच्या काळी पडदा नव्हता. पण त्यांची अडचण याच जातीची होती.

परगावच्या पालकांचे मागणे बहुधा ठरलेले असते: "मास्तर, मुलीला एक राग बसवून द्या, गणपतीच्या कार्यक्रमात गायचा आहे." मी बसवून देतो. कार्यक्रम होतो, टाळ्या पडतात, पुढच्या वर्षी दुसरा राग. याला मी नाके मुरडीत नाही. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण यातून गाणारे तयार होतात, ऐकणारे होत नाहीत. माझी एक जुनी विद्यार्थिनी मात्र वेगळ्या वाटेने गेली. इंग्लंडमध्ये ती आपल्या घरी महिन्यातून एकदा शेजारच्या बायामाणसांना जमविते. त्यांत मराठी दोन, गुजराती चार, एक पंजाबी आजी आणि एक गोरे जोडपे. ती त्यांना गाणे शिकवीत नाही. तंबोरा लावून हाताने तीनताल धरावयास लावते, आणि आपण गाताना सम कुठे येते ते ओळखावयास सांगते. तिने मला सांगितले, "सर, आता मी चुकले तर पंजाबी आजी डोळे वटारतात." मला वाटते, इनायतखाँना न्यूयॉर्कमध्ये अशी एक आजी भेटती तर वीणा भिंतीला टेकून राहिली नसती.

परदेशी गेलेल्या मुलांनी काय न्यावे, याची यादी आपण नेहमी करतो; मेतकूट, गोडा मसाला, देव, फार तर एखादे पुस्तक. ती यादी मुले करतीलच. आपण इकडे राहिलेल्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. बडोद्यात तरी आज पहिल्या रांगेतले म्हातारे किती उरले? फैयाजखाँसाहेब १९५० साली ज्या गावात वारले, त्या गावच्या मैफलीत सम आल्यावर किती माना हलतात? आपल्याकडेच कान राहिला नाही, तर परदेशी मुले परत येऊन गातील कोणापुढे?

५ जुलै हा इनायतखाँचा जन्मदिवस. त्या दिवशी एखाद्या घरी पाच-सात जणांनी जमावे, १९०९ सालच्या त्या तबकड्यांपैकी चार गाणी लावावीत, आणि मुलांना सम शोधावयास सांगावे. खर्च काही नाही. एकूण बारा मिनिटे लागतील.